खंडेनवमीची हत्यारे : पूजेची आणि कामाची

आश्विन शुद्ध नवमीची सकाळ. घटाभोवती पेरलेले धान्य एव्हाना वीतभर वाढून पिवळसर झालेले असते, नंदादीपाची वात नवव्या रात्रीची वाट पाहात असते आणि दाराशी झेंडूच्या फुलांची रास पडलेली असते. ह्या दिवसाला आपण खंडेनवमी म्हणतो. ज्याच्या हातात खड्ग त्याने खड्ग पुजावे, शेतकऱ्याने नांगर आणि विळा, लोहाराने ऐरण आणि घण, शिंप्याने कात्री, सुताराने करवत आणि पटाशी. वर्षभर ज्या वस्तूने आपल्याला अन्न दिले तिला त्या दिवशी विसावा द्यावा, तिच्यापुढे हात जोडावेत, इतका साधा आणि इतका थोर हा विचार आहे.

आमच्या घरीही ही पूजा पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. आजोबांना लाकडावर कोरीव काम करण्याचा नाद होता. धंदा त्यांचा वेगळाच; परंतु संध्याकाळी दिवेलागणीपूर्वी तासभर ते पडवीत फळी घेऊन बसत. देव्हाऱ्याची महिरप, आजीची पोळपाटाची जोडी, गौरींचे मखर, ही सारी त्यांच्या हातची. त्यांच्यामागे त्यांची हत्यारांची पेटी माळ्यावर गेली आणि वर्षातून एकदाच, खंडेनवमीला, खाली उतरू लागली. पाटावर तांबडे वस्त्र घालावे, त्यावर पटाश्या ओळीने मांडाव्यात, पाणी शिंपडावे, प्रत्येकीच्या पात्यावर हळदकुंकवाचे बोट लावावे, झेंडूचे फूल वाहावे, आरती करावी आणि दुसऱ्या दिवशी सारे गुंडाळून पुन्हा माळ्यावर ठेवावे, असा क्रम वर्षानुवर्षे बिनचूक चालला होता.

पूजेने गंजलेली पाती

काही वर्षांपूर्वी आम्हांला त्या पेटीची वेगळ्या कारणाने आठवण झाली. देव्हाऱ्याच्या महिरपीचा एक तुकडा निखळला होता आणि तो आपणच बसवावा असे मनात आले. पेटी उघडली आणि शेजारच्या आळीतील एका वृद्ध सुतारांना दाखवायला नेली. आजोबांच्या बैठकीत लहानपणी बसलेले ते गृहस्थ. त्यांना आम्ही बाबा म्हणतो. त्यांनी एकेक पाते उजेडात धरून पाहिले. धारेपासून बोटभर अंतरावर प्रत्येक पात्यावर तांबूस, खोलगट डाग होता. सारे डाग एकाच जागी, एकाच आकाराचे. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अहो, ही हत्यारं वापरून झिजलेली नाहीत. ही पूजेनं गंजलीत.”

आम्ही ओशाळलो. ते डाग हळदकुंकवाचे होते. ओल्या बोटाने लावलेले कुंकू ओलावा धरून ठेवते. ते तसेच कापडात गुंडाळले की वर्षभर लोखंडाला खात बसते. आम्ही दरवर्षी भक्तिभावाने बरोबर त्याच जागी बोट टेकवीत होतो आणि दरवर्षी तो खड्डा केसभर खोल करीत होतो.

“पूजा केलीत ते चांगलं केलंत,” बाबा पुढे म्हणाले, “पण तुमचे आजोबा संध्याकाळी पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवायचे. आणि दुसऱ्या दिवशी कामाला घ्यायचे. तुम्ही तेवढंच विसरलात.”

‘तेवढंच’ हा शब्द आमच्या मनात घर करून राहिला. आजच्या ह्या लेखाचे सारे सार त्या शब्दात आहे.

विराटपर्वातील कथा आपण दसऱ्याला हमखास सांगतो. अज्ञातवासाला निघालेल्या पांडवांनी आपली शस्त्रे शमीवृक्षावर ठेवली. त्या कथेतील एक बारकावा मात्र सांगायचा राहून जातो. नकुल झाडावर चढला आणि जेथे पावसाचा सरळ मारा लागणार नाही अशी जागा पाहून त्याने ती धनुष्ये घट्ट बांधली, असे व्यासांनी वर्णिले आहे. शस्त्र पूज्य आहे म्हणूनच त्याला ओल लागता कामा नये, हे त्या वीरांना ठाऊक होते. आणि वर्ष सरल्यावर अर्जुनाने ती खाली उतरवून घेतली, ती लढण्यासाठी.

घाईचा गणपती

बाबांनी पाती घासून, नवी धार काढून दिली आणि आमच्या अंगात उत्साह संचारला. गणेशचतुर्थी दोन महिन्यांवर आली होती. परसातील फणसाची एक जाड फांदी वादळात मोडून पडली होती. फणसाचे लाकूड पवित्र, रंग पिवळाधमक, अंगणातलेच झाड. आपल्या हाताने गणपती कोरावा आणि तोच बसवावा असा संकल्प आम्ही सोडला. बाबांना विचारले नाही. विचारले असते तर त्यांनी नको म्हटले असते, हे मनात कोठेतरी ठाऊक होते.

ओले लाकूड कापायला मऊ लागते. पटाशी लोण्यातून जावी तशी जाते आणि नवख्याला वाटते, आपल्याला विद्या अवगत झाली! पाच आठवड्यांत मूर्ती आकाराला आली. सोंड, एकदंत, लंबोदर, चतुर्भुज. मुले कौतुकाने पाहू लागली. हरितालिकेच्या आदल्या रात्री आतल्या खोलीतून काडकन् आवाज आला. जाऊन पाहिले तो मूर्ती कपाळापासून सोंडेच्या मुळापर्यंत उलली होती. भेगेत बोटाचे नख जाईल एवढी फट पडली होती.

भंगलेली मूर्ती पूजेत ठेवू नये, हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत असते. त्या रात्री घर गप्प झाले. अखेर आई म्हणाली, “प्राणप्रतिष्ठा झालेली नव्हती रे, तेव्हा दोष नाही लागायचा. पण देवाला घाईनं बोलावू नये.” मूर्ती आम्ही त्याच फणसाच्या बुंध्याशी ठेवली आणि सकाळी गणेशशाळेतून नेहमीप्रमाणे मातीची मूर्ती आणली.

पुरीच्या जगन्नाथाची कथा त्या दिवसांत आम्हांला वारंवार आठवे. इंद्रद्युम्न राजाकडे विश्वकर्मा वृद्ध सुताराच्या रूपाने आला. ठरलेली मुदत संपेपर्यंत दार उघडायचे नाही, ह्या अटीवर त्याने मूर्ती घडवायला घेतल्या. आतून आवाज येईनासा झाला तेव्हा राजाचा धीर सुटला, दार उघडले गेले आणि मूर्ती अपुऱ्या राहिल्या. त्या अपूर्ण रूपालाच जगाने नाथ मानले, ही देवाची कृपा. कडुनिंबाच्या दारूच्या त्या मूर्ती आजही ठरावीक वर्षांनी, ज्या वर्षी अधिक आषाढ येतो अशा वर्षी, नव्याने घडविल्या जातात. 1977, 1996 आणि 2015 ह्या वर्षी हा नवकलेवर सोहळा झाला. काष्ठाच्या देवालाही जीर्णता आहे, आणि घडविणाऱ्याच्या धीराची कसोटीही आहे, असेच जणू ती परंपरा सांगते.

चतुर्थीचे दिवस सरल्यावर आम्ही पुन्हा बाबांकडे गेलो. ते रागावले नाहीत. “आधी देवाला बसायला पाट करा,” ते म्हणाले. “बसायला नीट जागा झाली की देव आपला येईल.” त्यानंतर दोन पावसाळे आम्ही त्यांच्यापाशी जे शिकलो ते येथे मांडीत आहोत. हा नाद लागावा असे ज्यांना वाटते त्या वाचकांना त्याचा उपयोग व्हावा.

लाकडाची निवड

आपल्या पूर्वजांनी लाकडाकडे कधी केवळ जळण म्हणून पाहिले नाही. यज्ञातील पात्रांचे वृक्षसुद्धा ठरलेले आहेत. जुहू पळसाची, उपभृत् पिंपळाची, ध्रुवा विकंकताची आणि स्रुवा खैराचा. सहाव्या शतकात होऊन गेलेल्या वराहमिहिराने आपल्या ‘बृहत्संहिते’त मूर्तीसाठी लाकूड आणायला वनात कसे जावे ह्याचे एक प्रकरणच लिहिले आहे. स्मशानातले, वाटेवरचे, देवालयाजवळचे, वारुळावरचे, उद्यानातले झाड घेऊ नये. वीज पडलेले, वाऱ्याने मोडलेले, आपोआप कोसळलेले, मधमाश्यांनी घर केलेले झाड वर्ज्य मानावे. त्या वृक्षावर ज्यांचा वास असेल त्यांनी बली स्वीकारून अन्यत्र जावे आणि क्षमा करावी, अशी प्रार्थना करावी. प्रभाती झाडाला पाणी घालावे आणि मध व तूप माखलेल्या कुऱ्हाडीने तोड सुरू करावी.

आमची फांदी ह्या वर्ज्य यादीत बसत होती, हे आम्ही नंतर वाचले! तुपाने माखलेली कुऱ्हाड मात्र आम्हांला फार आवडली. हत्याराला पूजेत स्निग्ध पदार्थ लावावा, पाणी नव्हे, ह्या बाबांच्या शिकवणीला त्यात जणू जुना आधार मिळाला.

आजच्या गृहस्थाला वनात जाण्याची गरज नाही आणि तशी मुभाही नाही. महाराष्ट्रात वृक्षतोडीवर निर्बंध घालणारा कायदा 1964 पासून आहे. लाकडाच्या वखारीत उरलेले तुकडे मिळतात. जुने वाडे उतरवले जातात तेथील सागवान मिळते. जुने सागवान पुरते मुरलेले असल्याने ते उलण्याची भीती कमी. मात्र त्यात मोडलेले खिळे दडलेले असतात. लोहचुंबक फिरवून पाहावे, नाही तर पटाशीच्या धारेला खांडा पडेल.

नवशिक्याने शिवणीचे लाकूड घ्यावे. ते हलके, फिकट आणि स्वभावाने शांत असते; फारसे पिळत नाही. सागवान बळकट आणि टिकाऊ, परंतु त्याच्या अंगात वाळूसारखी कच असते, ती धार लवकर बोथट करते. कडुनिंबाला कीड कमी लागते. आंबा स्वस्त खरा, पण त्याला भुंगा लवकर लागतो. शिसव देखणी, तरी कठीण. शिवाय तिचा भुसा कातडीला आणि श्वासाला त्रास देतो, म्हणून नाकातोंडावर फडके बांधून काम करावे. सावंतवाडीच्या कारागिरांनी खेळण्यांसाठी पांगाऱ्याचे मऊ लाकूड वापरले ते उगीच नव्हे. ज्या कामाला जे लाकूड, त्या कामाला तेच.

लाकूड घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ते वाळलेले आहे काय. इंचभर जाडीच्या फळीला सावलीत, वाऱ्यावर वाळायला साधारण वर्ष लागते, हा जुना ठोकताळा आहे. दुसरी, गाठी. गाठीपाशी तंतू उलटे फिरतात आणि तेथे पहिला टवका उडतो. तिसरी, तंतूंची दिशा. फळीच्या कडेवरच्या रेघा सरळ आणि लांब असतील अशी फळी निवडावी.

सहा हत्यारे पुरेत

बाजारात बारा किंवा अठरा पटाश्यांचे चकचकीत संच मिळतात. ते पाहून मन भुलते. आमचा अनुभव असा की, त्यातल्या निम्म्या कधी वापरल्याच जात नाहीत आणि उरलेल्यांची धार दुसऱ्या दिवशी जाते. तेवढ्याच पैशांत चांगल्या पोलादाची सहा हत्यारे घ्यावीत. अर्धा इंच रुंदीची एक सपाट पटाशी. पाव इंचाची दुसरी. अर्धा इंचाची उथळ गोल पटाशी. पाव इंचाची खोल गोल पटाशी. रेघ ओढण्यासाठी एक तिकोनी पटाशी. आणि हातात नीट बसेल असा आखूड पात्याचा सुरा. ह्यांच्या जोडीला एक लाकडी हातोडा, गुण्या, कंपास आणि फळी पक्की धरून ठेवणारा शिकंजा. एवढ्या साहित्यावर देव्हाऱ्यापर्यंतची मजल मारता येते.

निवडताना हत्यार हातात धरून पाहावे. डोळ्यासमोर आडवे धरले असता पाते आणि मूठ एका रेषेत असली पाहिजे. मुठीच्या तोंडाशी धातूचे कडे घट्ट हवे. नाही तर हातोड्याच्या माराने मूठ फुटते. जुन्या बाजारातील हत्यार घेताना धारेलगत कानस हलके फिरवून पाहावी. कानस घसरली तर पोलादात पाणी आहे असे समजावे. कानशीने सहज ओरखडा काढला तर ते पाणी उतरलेले आहे.

‘हत्याराला पाणी देणे’ हा आपल्या भाषेतला किती अर्थपूर्ण शब्दप्रयोग आहे! तापवलेले पोलाद पाण्यात विझवून लोहार त्याला कठीणपणा देतो. तेच पाते यंत्राच्या सहाणेवर जोरात धरले आणि त्यावर निळी झाक चढली, की ते पाणी उतरले. मग कितीही घासा, धार टिकत नाही. म्हणून यंत्रावर धार लावणाऱ्याला दर दोन-चार फेऱ्यांनी पाते गार पाण्यात बुडवायला सांगावे, आणि शक्यतो धार घरीच, हाताने लावावी.

धारेसाठी कुरुंदाचा दुहेरी दगड पुरतो. एक बाजू भरड, दुसरी मुलायम. पात्याचा उतार दगडावर पूर्ण टेकवून, सुमारे पंचवीस अंशांचा कोन न बदलता घासावे. पाठीमागून बोट फिरवले असता धारेवर बारीक ओठ जाणवू लागला की पाठ सपाट टेकवून तो काढावा, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर दहा-वीस वेळा ओढावे. परीक्षा लाकडावरच घ्यावी. तंतूंना आडवा काप घेतला असता कापलेली जागा चकाकली तर धार लागली. तंतू पिंजल्यासारखे दिसले तर पुन्हा दगडाकडे वळावे. बोथट हत्यार अधिक धोक्याचे असते, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ते निसटते. दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे असावेत, हा एकच नियम मुलांना पाठ करून घ्यावा.

पहिले काम : देवाचा पाट

बारा इंच लांब, नऊ इंच रुंद आणि इंचभर जाड अशी शिवणीची किंवा सागाची फळी घ्यावी. रंधा मारून सपाट करावी. मध्यभागी सहा इंच व्यासाचे वर्तुळ काढून त्याचे आठ भाग करावेत आणि अष्टदल कमळ रेखाटावे. रांगोळीत ज्या गृहिणींचा हात बसलेला असतो त्यांना ही रेखाटणी शिकवावी लागत नाही. आमच्या घरी कमळ काढले ते आईने, आणि आमच्या दोन रेघा वाकड्या म्हणून तिनेच पुसल्या.

मग तिकोनी पटाशीने रेघेच्या बाहेरच्या अंगाने उथळ चर काढावा. पाकळीच्या वळणाशी जुळेल अशी गोल पटाशी रेघेवर उभी धरून हलकेच ठोकावी. हा उभा घाव म्हणजे मर्यादा; पुढचा आडवा काप तेथे येऊन थांबतो आणि पाकळी तुटत नाही. त्यानंतर बाहेरची जमीन थोडी थोडी खाली न्यावी. सुतारांच्या भाषेत एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पहिल्या कामाला दीड सूत खोली भरपूर झाली. नवशिक्याला खोल कोरण्याचा मोह होतो, परंतु समईच्या तिरप्या उजेडात दीड सुताचे कमळही पुरते उमलून दिसते.

जमीन सपाट झाली की पाकळ्यांना उठाव द्यावा. जी पाकळी दुसरीखाली जाते ती मुळाशी उतरती करावी, मधली शीर किंचित उंच ठेवावी. कापताना नेहमी तंतूंच्या उताराच्या दिशेने जावे. टवका उडू लागला की समजावे, दिशा चुकली. तेथेच थांबावे आणि उलट बाजूने यावे. लाकूड आपणहून सांगते, ऐकण्याची सवय मात्र हवी. कोरणे पूर्ण होईपर्यंत काचकागद हातात घेऊ नये. त्याचे कण लाकडात रुततात आणि पुढच्या कापाला धार खातात.

पाटाखाली दोन आडव्या पट्ट्या हव्यात. त्या सरसाने पक्क्या चिकटवू नयेत. पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तिला हालचालीला जागा न ठेवली तर ती मधोमध फाटते. म्हणून पट्टीतील स्क्रूची भोके थोडी लांबट ठेवावीत. शेवटी जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात, मधे दोन दिवसांचे अंतर ठेवून द्यावेत. एक सावधगिरी अवश्य बाळगावी. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात भिजवून टाकाव्यात.

आम्हांला हा पाट करायला आषाढापासून भाद्रपदापर्यंत वेळ लागला. एक पाकळी आजही बाकीच्यांहून बारीक आहे. बाबांनी ती पाहिली आणि म्हणाले, “असू दे. कोणाच्या हातचं आहे ते कळायला पाहिजे.”

पुढची पायरी

पाट झाल्यावर पायरीपायरीने वर जावे. मोदकाचा सागवानी साचा हे दुसरे चांगले काम. त्यात उलटे, म्हणजे खोलगट कोरावे लागते आणि खोल गोल पटाशीची ओळख होते. अन्नाला लागणारी वस्तू म्हणून साच्याला रंग किंवा पॉलिश लावू नये. त्यानंतर दारावरची तोरणपट्टी, तिच्यावर आंब्याची पाने आणि मधे स्वस्तिक. मग देव्हाऱ्याची महिरप. पुढे त्याचे खांब. मूर्ती सर्वांत शेवटी. चेहरा आणि डोळे कोरण्यापूर्वी हात शंभर पाकळ्यांवरून गेलेला असावा, असे बाबा सांगत.

नमुन्यांसाठी पुस्तके धुंडाळावी लागत नाहीत. पुण्याच्या विश्रामबागवाड्याची लाकडी दर्शनी बाजू, चांदवडच्या होळकरांच्या रंगमहालातील खांब आणि महिरपी डोळे भरून पाहाव्यात. सुरूच्या आकाराचे खांब आणि छताखाली लोंबणारी केळफुले पाहिली की पेशवाईतील सुताराची नजर किती सूक्ष्म होती ते उमगते. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोरीव दारे-खिडक्यांबरोबर साधी घरगुती भांडीकुंडीही आहेत. रोजच्या वापरातील वस्तूला सुंदर करणे हेही देवकार्यच मानणारा समाज तेथे दिसतो. आणि सवड काढून कार्ल्याला जावे. एकवीरेचे दर्शन घेऊन शेजारच्या चैत्यगृहात मान वर करून पाहावे. दगडी कमानीला बसवलेल्या लाकडी फासळ्या आणि स्तूपावरील लाकडी छत्र सुमारे दोन हजार वर्षांपासून तेथे आहे. ते घडवणाऱ्या सुताराचे नाव कोणाला ठाऊक नाही. त्याची पटाशी काही आजच्यापेक्षा फार निराळी नसेल.

हल्ली संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे तासाभरात महिरप कोरून देतात. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांनी अनेक घरांत सुबक देव्हारे पोचवले आहेत. परंतु देव्हारा विकत घेता येतो, त्याच्यापुढे घालवलेली संध्याकाळ मात्र आपलीच असावी लागते. फळीवर नजर ठेवून, श्वास सांभाळून, एकेक काप घेणाऱ्याचे चित्त आपोआप एका ठिकाणी येते. जपमाळेचा मणी ओढावा तसा लाकडाचा पापुद्रा सुटत जातो. आजोबा दिवेलागणीपूर्वी पडवीत काय करीत बसत, हे आम्हांला आता कोठे समजू लागले आहे.

यंदाच्या नवमीला

वाचकहो, यंदा खंडेनवमीला आपल्याही घरातील जुनी पेटी खाली येईल. कोणाकडे पटाशी असेल, कोणाकडे शिवणयंत्र, कोणाकडे आजीची विळी किंवा वडिलांचा रंधा. आदल्या दिवशी ती स्वच्छ करावीत, गंज असेल तर घासून काढावा, शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. पूजेच्या वेळी हळदकुंकू पात्याला न लावता लाकडी मुठीला लावावे. मूठ नसेल तर पाटावर समोर वाहावे. झेंडूचे फूल शेजारी ठेवावे. त्या दिवशी हत्याराला पूर्ण विसावा द्यावा. संध्याकाळी आरतीनंतर कोरड्या फडक्याने पुसून ठेवावे. आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर, पाटीपुस्तकांच्या पूजेबरोबरच, लाकडाच्या एखाद्या तुकड्यावर घरातील लहानग्याच्या हाताने पहिली रेघ ओढवावी. साडेतीन मुहूर्तांतील हा एक मुहूर्त. विद्यारंभाला ह्याहून चांगला दिवस कोणता?

बाबा आता फारसे बाहेर पडत नाहीत. गेल्या नवमीला आम्ही पूजा मांडली तेव्हा त्यांना मुद्दाम घरी आणले. आजोबांच्या पटाश्या त्या अष्टदल पाटावरच मांडल्या होत्या. गंजाचे जुने खड्डे काही पुरते गेलेले नाहीत. ते पात्यांवर आयुष्यभर राहतील. बाबांनी एक पटाशी उचलली, अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवली. धार नखावर थबकली, घसरली नाही. त्यांनी ती पुन्हा जागेवर ठेवली, दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटले. त्या दिवशी आमच्या घरची हत्यारांची पूजा अनेक वर्षांनी पुरी झाली, असे आम्हांला वाटले.

सर्व वाचकांच्या हातांना वर्षभर काम आणि कामाला यश लाभो, हीच जगदंबेच्या चरणी प्रार्थना.